वस्त्रदानाचे जाहीर पाठीराखे

सार्वजनिक दानाच्या व्यवहारात देणारा आणि घेणारा हे दोन पक्ष सहज नजरेत भरतात, परंतु त्या दोघांच्या मध्ये उभा असलेला तिसरा पक्ष, म्हणजे ज्याच्या नावावर भरवसा ठेवून समाज हात सैल सोडतो तो जाहीर पाठीराखा, क्वचितच विचाराचा विषय होतो. पाठीराखा हा देणगीदार असतोच असे नाही; त्याने पदरचा एक रुपयाही दिलेला नसेल, पण आपली पत तो संस्थेच्या मागे उभी करतो आणि त्या अर्थाने तो संस्थेचा जामीनदार असतो. वस्त्रदानात हा जामीन विशेष जोखमीचा ठरतो, कारण अन्न खाल्ले की संपते, वस्त्र मात्र घेणाऱ्याच्या अंगावर राहते आणि ते कोणी दिले, कोणाच्या हस्ते दिले, हे साऱ्या गावाला दिसत राहते.

लातूर जिल्ह्यातील अहमदपूर तालुक्याच्या परिसरात, किंबहुना एकूणच मराठवाड्यात, कपडा हा नात्यागोत्याच्या व्यवहाराचा कणा राहिलेला आहे. लग्नातील आहेर हे त्याचे ठळक उदाहरण होय: कोणी टोपी-टॉवेल केला, कोणी लुगडे नेसवले, याची वहीत नोंद होते आणि पुढच्या लग्नसराईत त्याची परतफेड होते, मिळालेले लुगडे नेसण्याजोगे नसले तर घडी न मोडता ते पुढच्या घरी जाते, आणि तरीही त्यात कोणाचा कमीपणा होत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी 1925 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात देणगीची जी तीन बंधने सांगितली, म्हणजे देणे, स्वीकारणे आणि परत करणे, ती तिन्ही या वहीत नांदतात. जुन्या कपड्यांचीही तीच गत होती. फाटक्या लुगड्या-धोतरांची वाकळ शिवली जाई आणि त्यातून उरलेसुरले बोहारीण नेई, तेही भांड्याच्या बदल्यात आणि भरपूर घासाघीस करून. फुकट द्यावा असा कपडा घरात साठणे हे तयार कपड्यांच्या स्वस्ताईनंतरचे चित्र आहे. ते जुने आहे असे मानण्याचे कारण नाही.

दान आणि आहेर यांतील भेद या परतफेडीत आहे. दान घेणारा परत करू शकत नाही, म्हणून तो देणाऱ्याच्या खाली जातो, आणि पाठीराख्याची खरी कसोटी ही की त्याच्या उपस्थितीने हे अंतर वाढते की कमी होते.

महाराष्ट्रात या कसोटीला उतरलेले सर्वात मोठे उदाहरण संत गाडगेबाबांचे आहे. 23 फेब्रुवारी 1876 रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात, म्हणजे इतरांचे कपडे धुण्यावर उपजीविका करणाऱ्या समाजात जन्मलेल्या या माणसाने उघड्यानागड्यांना वस्त्र देणे हे आपल्या कार्याच्या सूत्रांत अन्न आणि पाणी यांच्या पंक्तीला बसवले, आणि स्वतः मात्र आयुष्यभर चिंध्यांचे वस्त्र अंगावर वागवले. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा उभारताना त्यांनी त्या मालमत्तेवर स्वतःचा वा कुटुंबाचा हक्क ठेवला नाही. मुंबई प्रांताचे पंतप्रधान आणि पुढे मुख्यमंत्री झालेले बाळासाहेब खेर हे त्यांच्या कार्याचे जाहीर पाठीराखे होते, आणि त्या नात्यात सत्तेची पत कार्याला मिळाली, कार्याची पत सत्तेने पळवली नाही, हे नोंदवण्याजोगे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी गाडगेबाबांच्या चरित्रपर लेखनात एक हकिकत येते: आजारी बाबांना भेटायला जाताना, केंद्रात कायदामंत्री असलेल्या आंबेडकरांनी दोन घोंगड्या नेल्या आणि एरवी कोणाकडून काही न घेणाऱ्या बाबांनी त्या स्वीकारल्या. ही हकिकत महत्त्वाची वाटते ती भावनेसाठी नव्हे, तर तिच्यातील रचनेसाठी, कारण तिथे वस्त्र वाटणाऱ्यालाच वस्त्र मिळाले आणि देणारा-घेणारा यांच्या उंचीचा प्रश्नच उरला नाही.

याच्या अगदी उलट टोकाची परिस्थिती आपत्तीत निर्माण होते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-उस्मानाबादची गावेच्या गावे जमीनदोस्त केली, हजारो माणसे दगडामातीच्या घरांखाली गेली आणि देशभरातून मदतीचा ओघ लातूरकडे वळला. अशा ओघात नेहमीच घडते ते असे की पाठीराखे आवाहन करतात, ट्रक भरतात, पण ट्रकात काय भरावे हे कोणी सांगत नाही. म्हाताऱ्या बाया नऊवारीवाचून दुसरे काही नेसत नाहीत आणि पुरुषांना धोतर-सदरा लागतो, अशा भागासाठी शहराने आपल्या कपाटातील अडगळ पाठवली तर तिला मदत म्हणता येत नाही. 2004 च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर वापरता न येणाऱ्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडले, आणि ते उचलून, निवडून पुन्हा उपयोगात आणण्याचे काम ‘गूंज’ या संस्थेने केले.

अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये दिल्लीत सुरू केलेल्या आणि त्यांना 2015 चा मॅगसेसे पुरस्कार मिळवून देणाऱ्या या संस्थेने मॉसच्या तिसऱ्या बंधनाला एक उत्तर शोधले. गावकऱ्यांनी आपल्या गरजेचे काम, म्हणजे विहीर, रस्ता किंवा तळे, स्वतः ठरवायचे, श्रमाने पुरे करायचे आणि त्याच्या मोबदल्यात निवडून, नीट करून ठेवलेले कपडे घ्यायचे, अशी ही पद्धत आहे. घेणाऱ्याची मान ताठ राहते, हे तिचे मोठे बलस्थान. तरीही मराठवाड्याच्या संदर्भात एक शंका उपस्थित करणे भाग आहे: 1972 च्या दुष्काळातून वर आलेल्या आणि 1977 च्या कायद्याने हक्क म्हणून मान्य झालेल्या रोजगार हमीच्या प्रदेशात श्रमाचा मोबदला रोख मजुरी हाच असतो, आणि कपडा तिची जागा घेऊ लागला तर पाठीराख्यांनी गप्प बसता कामा नये.

इराणमधील मशहदहून 2015 च्या सुमारास जगभर पसरलेली आणि कोल्हापूरसह महाराष्ट्राच्या अनेक शहरांत ‘माणुसकीची भिंत’ या नावाने रुजलेली पद्धत आणखी साधी आहे. नको असलेले कपडे भिंतीपाशी ठेवावेत, हवे ते न्यावेत. घेणाऱ्याला नाव विचारले जात नाही, म्हणून त्याला कोणाचे उपकार वाटत नाहीत. भिंतीची अडचण उद्घाटनाच्या दुसऱ्या महिन्यात सुरू होते. मळके, बटणे तुटलेले, एका बाहीचे कपडे तिथे साचतात, आणि ते रोज निवडायला पाठीराखा येत नाही, कोणी तरी कार्यकर्ता येतो.

शासनही आज वस्त्राचे वाटप करते. 2023 ते 2028 च्या राज्य वस्त्रोद्योग धोरणानुसार अंत्योदय शिधापत्रिकाधारक कुटुंबाला वर्षाला एक साडी मिळते, आणि त्यामागे यंत्रमागधारकांना काम मिळावे हाही हेतू आहे. 2024 च्या लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर पालघर जिल्ह्यातील जव्हार भागात आदिवासी महिलांनी मिळालेल्या साड्या आणि नेत्याचे छायाचित्र असलेल्या पिशव्या तहसील कार्यालयात परत केल्या. परत करणे शक्य नसते असे ज्या दानाबद्दल गृहीत धरले जाते, ते परत करूनच या बायांनी आपला नकार नोंदवला.

अहमदपूरसारख्या गावात हा प्रश्न फलकांवर दिसतो. वाढदिवसानिमित्त ब्लँकेट वाटप, पुण्यतिथीनिमित्त साडी वाटप, असे फलक चौकाचौकांत लागतात आणि कार्यक्रमाच्या छायाचित्रात दहा हात एकाच ब्लँकेटला लागलेले असतात, घेणारी म्हातारी कोपऱ्यात कुठे तरी असते. त्यातील सर्वात मोठा दोष दिखाऊपणाचा नाही, वेळेचा आहे. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून मुकादमाची उचल घेतलेली जोडपी दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, आणि पौषातली थंडी ती गावापासून दूर, फडाशेजारच्या कोपीत, लेकरांसह काढतात. पांघरुणाची गरज तिथे आणि तेव्हा असते. वाटप मात्र इथे आणि नेत्याच्या जन्मतिथीला होते. पाठीराख्याचे पंचांग आणि थंडीचे पंचांग जुळत नाही, आणि जोवर जुळत नाही तोवर दिलेल्या ब्लँकेटांची संख्या मोजण्यात अर्थ नाही.

ज्यांच्या नावाला तालुक्यात पत आहे, त्यांनी आपला वाढदिवस चैत्रात असला तरी पांघरुणे ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याच्या आठवड्यात द्यावीत, ती ट्रॅक्टर सुटण्याआधी मुकादमाच्या यादीनुसार घरपोच करावीत, त्यात लहान लेकरांच्या मापाचे स्वेटर असतील याची खातरजमा करावी, आणि त्या वेळी छायाचित्रकाराला बोलावू नये.