जीर्ण वस्तूंचे दान



दीपावलीपूर्वीच्या साफसफाईत प्रत्येक घराच्या माळ्यावरून काही ना काही खाली उतरतेच. पाय मोडलेली खुर्ची, सुंभ तुटलेली बाज, गंजलेली ट्रंक, बंद पडलेला पंखा! हलवावे तर हमालीचा खर्च, ठेवावे तर जागेची अडचण. अशा वेळी पुष्कळांच्या मुखी सहज येते, 'देवळाला देऊन टाका.' या 'टाका' शब्दाविषयीच आज आम्हांस थोडे सांगावयाचे आहे.

कठोपनिषदाच्या आरंभीची कथा आपण जाणताच. वाजश्रवसाने सर्वस्वदानाचा यज्ञ केला. परंतु दक्षिणेत दिलेल्या गाईंचे खाणेपिणे सरले होते, दूध आटले होते. ते पाहून बाल नचिकेत्याच्या अंतरी श्रद्धा जागी झाली. असले दान देणारा आनंदहीन लोकांस जातो, हे त्याने ओळखले. दाता मोकळा झाला आणि पोसण्याचा भार घेणाऱ्यावर पडला, मग त्यास दान कसे म्हणावे? धर्मशाळेत पाठविलेली मोडकी खाट याच जातीची होय. ती फेकण्याचा खर्च अखेर भाविकांच्या दानपेटीतूनच होतो.

टाकलेली वस्तू नाहीशीही होत नाही. आमच्या इंदूर नगरीत देवगुराडिया येथे वर्षानुवर्षे साठलेला सुमारे १३ लाख टन कचरा २०१८ साली उपसून निवडावा लागला. तो आपल्याच घरांतून गेलेला होता.

तेव्हा गृहस्थाने सामानाचे तीन भाग करावे. जे वापरण्याजोगे आहे ते सुताराकडून ठीक करून, पुसून, ज्यास खरोखर हवे आहे त्यास आधी विचारून द्यावे. देश, काल व पात्र पाहून दिलेल्या दानास गीतेने सात्त्विक म्हटले आहे, आणि अनादराने दिलेल्यास तामस. आळीतील चार घरांनी मिळून एकच हातगाडी ठरविली तर प्रत्येकास खर्च थोडका येतो.

दुसरा भाग लोखंड, तांबे, पितळ व रद्दी यांचा. हे वेगवेगळे करून भंगारवाल्यास वजनावर द्यावे. एकत्र ढिगास भाव कमी मिळतो. आलेल्या पैशांतून गाडीभाडे निघू शकते. त्या भंगारवाल्याशी आदराने बोलावे, कारण आपण निरुपयोगी ठरविलेल्या वस्तूस तो पुन्हा उपयोगास लावतो.

उरलेले लाकूड, फाटक्या गाद्या इत्यादी नगरपालिकेच्या व्यवस्थेकडेच सोपवावे. दूरदर्शन संच, बॅटऱ्या अशी विद्युत् उपकरणे निराळी द्यावी. ओढ्यात किंवा रस्त्यावर टाकणे आणि उघड्यावर जाळणे यांस २०१६ च्या घनकचरा नियमांनीही मनाई केली. रंग दिलेल्या लाकडाचा व फोमचा धूर शेजाऱ्याच्या तान्ह्या बाळाच्याही छातीत जातो. फुटक्या तसबिरी पिंपळाच्या पारावर नेऊन ठेवू नयेत. पुजाऱ्यांस विचारून त्यांची व्यवस्था करावी.

योगशास्त्राने अपरिग्रहास यमांत स्थान दिले आहे. नवी वस्तू उंबरठ्याच्या आत घेण्यापूर्वीच तिच्या अखेरीचा विचार करावा, म्हणजे माळा आपोआप रिता राहतो. आपल्या हातून जे जाईल ते कोणाच्या तरी उपयोगी पडावे, कोणाच्या माथी भार होऊ नये, एवढीच आम्ही श्रीचरणी प्रार्थना करितो.