कापड मापाचं की बाई मापाची?

मी एक कविता लिहिली होती. रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत, बिडीबंडलाच्या कागदावर. तिच्यात एक बाई होती. तिची कंबर मी वेलीसारखी केली, मनगटं काडीसारखी, आन् चाल अशी की पाय जमिनीला लागतच नाहीत. चार मित्रांनी वाहवा केली. मी फुगलो.

धाकट्या बहिणीनं ती वाचली. ती बारावीला आहे. कागद घडी करून माझ्या हातात दिला आन् म्हणाली, "दादा, तुझ्या कवितेतली बाई जेवते का रे?"

मी हसलो. पण त्याच आठवड्यात आईनं सांगितलं की पोरगी पंधरा दिवस झाले रात्रीची भाकर खात नाही. विचारलं तर म्हणते, भूक नाही. मोबाइलात कुठल्या तरी नटीचं सपाट पोट बघते आन् मग आरशात स्वतःचं बघते. हिला आधीच रक्त कमी. दवाखान्यातनं लोहाच्या लाल गोळ्या आणलेल्या, त्या डब्यात तशाच.

मोबाइलला शिव्या घालणं सोपं होतं, घातल्या. पण कवितेचं काय करू? ती तर माझीच होती.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडं प्रश्न काय कमी आहेत? गावात अजून पाणवठ्यावरून डोकी फुटतात, नोकऱ्या नाहीत, आन् हा रॅम्पवरच्या पोरींचं घेऊन बसला. श्रीमंतांचे चोचले. मीही तसंच म्हणत होतो. मग थोडं वाचलं, आन् तोंड बंद झालं.

२००६ सालची गोष्ट. ऑगस्ट महिन्यात उरुग्वे देशातल्या मॉन्टेव्हिडिओ शहरात लुइसेल रामोस नावाची २२ वर्षांची मॉडेल रॅम्पवर चालून परत आली आन् कोसळली. हृदय बंद पडलं. नोव्हेंबरात ब्राझीलमध्ये आना कारोलिना रेस्तोन गेली. वय २१. उंची पाच फूट आठ इंचाच्या आसपास, वजन चाळीस किलोच्या घरात. दोन वर्षं आधी चीनमध्ये काम मागायला गेली तेव्हा तिला सांगितलं होतं की तू जाड आहेस. घरच्यांना तिच्या कमाईचा आधार होता. पुढं फेब्रुवारी २००७ मध्ये लुइसेलची धाकटी बहीण एलियाना, तीही मॉडेल, १८ वर्षांची, तीही गेली.

घर चालवायला काम करणारी पोरगी, आन् कामानं जीव घेतलेला. याला चोचले कसं म्हणू? ही तर आपल्याच जातकुळीची, कामगाराच्या. फरक इतकाच की आपण हात विकतो, तिला हाडं विकावी लागली.

मी कापड विणणारा माणूस. म्हणून या धंद्यातली एक गोष्ट मला लगेच कळली. बडे शिवणारे, ज्यांना डिझायनर म्हणतात, ते नव्या कपड्याचा पहिला नमुना एकाच मापात शिवून घेतात. तोच नमुना रॅम्पवर जातो, तोच फोटोला जातो. दहा पोरींसाठी दहा मापं कोण शिवत बसणार? खर्च होतो. माप एकच आन् तेही बारीक. ज्या पोरीला काम पाहिजे तिनं त्यात मावायचं. नाही मावली तर कपडा उसवत नाहीत, पोरगी बदलतात.

आमच्या गल्लीत एक शिंपीकाका आहेत. बाई जशी असेल तसं माप घेतात. वर शिवणीच्या आत थोडं जादा कापड सोडतात. म्हणतात, "असू दे, पोरीची जात वाढायची, पुढं उसवता येईल." त्या जादा कापडाला शिंपीलोक काय म्हणतात ठाऊक आहे? माया. शिवणीत माया ठेवली का, असं विचारतात. त्या बड्या नमुन्यात माया नसते.

सगळा प्रश्न मला इथंच दिसतो. कापड माणसासाठी, का माणूस कापडासाठी? हे आजचं नाही. इंग्लंडातल्या जुन्या गिरण्यांत चालू यंत्राखाली सरपटत जाऊन कापूस वेचायला लहान पोरं ठेवत. का, तर ती बारीक, खाली मावतात. यंत्र उंच करण्यापेक्षा पोर स्वस्त. तिथल्या कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालची पोरं ठेवायला बंदी करायला १८३३ सालचा कायदा यावा लागला. भांडवलाची ही जुनी खोड आहे. वस्तूचं माप पक्कं, माणसाचं कच्चं.

लुइसेल गेल्यावर, २००६ च्या सप्टेंबरात, स्पेनमध्ये माद्रिदच्या फॅशन मेळ्यानं नियम केला. वजनाला उंचीच्या वर्गानं भागायचं, आकडा १८ च्या खाली आला तर त्या पोरीला रॅम्प बंद. चांगलं झालं, असं आपण म्हणू. पण नीट बघा. वजनकाटा ठेवला कुणापुढं? पोरीपुढं. आधी ज्यांनी तिला जाड म्हणून हाकललं त्यांनीच आता बारीक म्हणून हाकललं. नमुन्याचं माप काढणाऱ्याला कुणी काट्यावर उभं केलं नाही.

इस्रायलनं २०१२ साली कायदा केला. फ्रान्सनं २०१५ साली केला, तो २०१७ पासून लागू झाला. फ्रान्सचा कायदा मला जास्त पटतो. डॉक्टरचा दाखला नसताना मॉडेलला कामाला लावलं तर लावणाऱ्याला सहा महिने कैद आन् ७५ हजार युरो दंड होऊ शकतो. आन् जाहिरातीच्या फोटोत बाईचं अंग यंत्रानं कोरून बारीक केलं असेल तर तसं फोटोवर छापावं लागतं. इथं पहिल्यांदा बोट मालकाकडं वळलं. जखमी कामगाराला 'तुझीच चूक' म्हणणारा जॉबर आन् यंत्राला जाळी का नाही विचारणारा इन्स्पेक्टर, एवढा फरक आहे दोन्हींत.

आता आपल्या घराकडं या.

सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ या काळात, १५ ते ४९ वयाच्या बायका मोजल्या. त्यांच्यातल्या १८.७ टक्के बायकांचा तोच आकडा १८.५ च्या खाली होता. म्हणजे शंभरात जवळजवळ एकोणीस जणी वजनानं कमी. आन् रक्त कमी असलेल्या शंभरात ५७. ज्या हाडांवर तिकडं कायदे झाले ती हाडं इकडं फुकट मिळतात. यांना कुणी रॅम्पवर चालवत नाही. त्या ऊसतोडीला जातात, विटा उचलतात, चार घरची भांडी घासतात, सगळ्यांचं झाल्यावर टोपल्यात उरलं तर जेवतात. त्याच पाहणीत २४ टक्के बायका जादा वजनाच्याही निघाल्या. त्या सगळ्या तूपरोटीवर वाढल्या असं समजू नका. स्वस्त तेल, वडापाव आन् चहा-पाव यांवर दिवस काढूनही अंग सुटतं, आन् आतून रक्त कमीच राहतं.

तरी सौंदर्य कुणाचं? १९९४ साली आपल्या देशाला एकाच वर्षी विश्वसुंदरी आन् जगतसुंदरी असे दोन्ही किताब मिळाले. बाजार नुकताच उघडलेला होता. साबण, पावडर, गोरं करणारं क्रीम वस्तीवस्तीत आलं. १९९६ साली बंगलोरला जगतसुंदरी स्पर्धा झाली तेव्हा दंगा झाला. विरोध करणाऱ्यांत शेतकरी होते, स्त्रियांच्या संघटना होत्या, आन् संस्कृती बुडाली म्हणून गळा काढणारेही होते. या शेवटच्यांपासून आपण लांब राहावं. बाईचं अंग उघडं पडलं हे त्यांचं दुःख. ते झाकलं की त्यांचं समाधान होतं, मग आतली बाई उपाशी का असेना.

आता आपल्या पोरांचं ऐका. माझा एक दोस्त आहे, विहारात बावीस प्रतिज्ञा खणखणीत आवाजात म्हणतो. त्याच्यासाठी आम्ही मुलगी बघायला गेलो. बाहेर आल्यावर म्हणाला, "हडकुळी हाय राव. हातात काय लागंल?" दुसरी बघितली तर, "डबल हाड हाय. चार वर्षांनी दारात मावायची नाय." मी त्याच्यासोबत होतो. दोन्हीकडं कांदेपोहे खाऊन आलो. दोन्हीकडं गप्प बसलो. बैलबाजारात दात बघतात, आम्ही कंबर बघितली. मनुस्मृती जाळणाऱ्यांची आम्ही पोरं!

कुणी म्हणेल, मग जाडीला सुंदर म्हणू या, प्रश्न मिटला. मिटत नाही. आफ्रिकेत मॉरिटानिया नावाचा देश आहे. तिथं काही भागांत लग्न लवकर जमावं म्हणून लहान पोरींना जबरदस्तीनं दूध पाजून पाजून जाड करायची रीत आहे. नको म्हणाली तर मारही बसतो. तिथं अन्न दुर्मीळ, म्हणून जाड बायको ही श्रीमंतीची खूण. जिथं अन्नाची कोठारं भरली तिथं बारीक बाई ही खूण. माप उलटं, पण टेप धरणारा हात तोच. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की जाड बरी का बारीक बरी हा प्रश्नच खोटा आहे. बाईचं अंग कुणाच्या कामाला यावं म्हणून मोजलं जातंय, हा खरा प्रश्न.

आन् माझी ती वेलीसारखी कंबर? ती पॅरिसहून आली नव्हती. आमच्या वस्तीत वेल कुठं आहे, गटारावर पत्रे आहेत. ती आली शाळेच्या पुस्तकातून. कृशोदरी, तनुमध्या, हे शब्द जुन्या संस्कृत काव्याचे. जिला दळण नाही, पाणी नाही, जिच्या कमरेवर कधी हंडा बसला नाही, अशा बाईचं ते वर्णन. ज्या संस्कृतीवर मी थुंकतो म्हणून छाती बडवत होतो, तिच्याच टेपनं मी बाई मोजत होतो. माझ्या आईची कंबर मी कधी लिहिली नाही.

इथं एक अडचण आहे, ती लपवत नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या आयाबहिणींना लुगडं नेसायची रीत बदला असं सांगितलं, अंगावरच्या दागिन्यांचं ओझं टाका म्हणाले. मग बाबासाहेबांनीही बायकांना कसं दिसावं हे सांगितलंच की? मी यावर बरेच दिवस विचार केला. मला वाटतं फरक आहे. ती नेसण, ते दागिने म्हणजे जातीची पाटी होती. लांबून बघणाऱ्याला कळावं की ही कोण, हिला किती वाकवायचं. बाबासाहेबांनी ती पाटी काढायला सांगितली, म्हणजे बघणाऱ्याच्या हातातली टेपच हिसकून घेतली. बाजार नवी पाटी लटकवतो. पाटी काढणारा आन् पाटी लावणारा, दोघंही कपड्यांवरच बोलतात म्हणून एक होत नाहीत.

आन् दुसरं बघा. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, मुंबई कायदेमंडळात गिरणीतल्या बायांना बाळंतपणाची रजा आन् त्या काळात भत्ता देणारं बिल आलं. बाबासाहेब त्याच्या बाजूनं बोलले, १९२९ साली कायदा झाला. बाईच्या अंगाचा विचार तिथंही आहे. पण तो कसा? या अंगाला काय लागतं, विश्रांती किती लागते, आन् तिचा खर्च कुणी सोसायचा. हे अंग कसं दिसतं, हे तिथं कुणी विचारलं नाही.

सिद्धार्थानं उपास करून करून अंगाचा सापळा केला होता. मग त्याला कळलं की अंगाला छळून काही मिळत नाही. सुजातेनं दिलेलं अन्न त्यानं खाल्लं. पाच सोबती त्याला सोडून गेले, म्हणाले हा खाण्यापुढं हरला. तो जेवला, आन् त्यानंतर बुद्ध झाला. आपला धम्म जेवलेल्या माणसाचा आहे, हे आपण पोरींना सांगितलं का कधी?

तर दोस्तहो, ठराव मांडत नाही, मागणी मांडतो, आधी स्वतःपुढं. मुलगी बघायला जाऊन कंबर मापणाऱ्याच्या सोबत मी जाणार नाही. गेलोच तर गप्प बसणार नाही. वस्तीतल्या पोरींचं रक्त तपासायचं शिबिर लावा, भाषणाच्या शिबिराआधी. घरात भाकरी पहिल्यांदा कुणाच्या ताटात पडते आन् शेवटी कुणाच्या, ते एक आठवडा नुसतं बघा. आन् माझ्यासारखे जे लिहितात त्यांनी आपली बाई लिहिताना एकदा विचारावं, ही जेवली का.

ती कविता मी फाडली नाही. फाडली तर मी सुटतो. भिंतीला टाचून ठेवली आहे, जेवायला बसतो त्याच्या समोर. काल रात्री बहीण ताटावर बसली. अर्धी भाकर खाल्ली, अर्धी ठेवली. मी काही बोललो नाही, ती भाकर उचलून तिच्याच ताटात परत ठेवली. ती माझ्याकडं बघत राहिली.

अजून अर्धी बाकी आहे. जय भीम.