नॉमिनी लिहिला म्हणजे झालं?

हसू नका. पन्नाशी उलटलेली माणसं तुम्ही. मुलाच्या लग्नाचा हॉल वर्षभर आधी ठरवता आणि मृत्युपत्राचं नाव काढलं की 'शुभ बोल नाऱ्या' म्हणून बाईंनाच गप्प करता. शाळेत बाकावर उभं करत होते, आज खुर्चीत बसून ऐका.

"बाई, सगळीकडे नॉमिनी टाकलाय, आता आणखी काय?" हे तुमचं ठरलेलं उत्तर. अरे, नॉमिनी म्हणजे मालक, असं शिकवलं कुणी? मी तर नाही. शेअर आणि म्युच्युअल फंडांबद्दल मुंबईहून दिल्लीला गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं, की नॉमिनीच्या हाती रक्कम येते, वारसांचा हक्क तसाच राहतो. बँकेतल्या ठेवींचंही तेच. विम्यात आईवडील, नवरा-बायको, मुलं नॉमिनी असतील तर 2015 पासून नियम वेगळा आहे. तो एक नियम ऐकून तुम्ही घरादाराला लावून मोकळे झालात. अर्धवट ऐकायची सवय जात नाही तुमची.

दुसरं उत्तर त्याहून वाईट. "माझ्यामागे सगळं बायकोचंच." कोण म्हणतं? 1956 चा हिंदू वारसा कायदा तसं म्हणत नाही. मृत्युपत्र न करता पुरुष गेला, तर बायको, मुलगे, मुली आणि आई यांना सारखे हिस्से. आई! किती जणांना आठवली? नाही ना. आता पुढचं गणित स्वतः सोडवा. तुमच्या फ्लॅटमध्ये तुमच्या आईला हिस्सा मिळाला आणि तीही काही न लिहिता गेली, तर तो हिस्सा तिच्या सगळ्या मुलांकडे जातो. म्हणजे ज्या धाकट्या भावाशी तुम्ही दहा वर्षं बोलत नाही, तो तुमच्या बायकोच्या शेजारी सहमालक म्हणून उभा. घर विकायचं तर त्याची सही लागणार. आणि तुम्ही म्हणता, आमच्यात भांडणं नाहीत.

आता मुलींनो, तुम्ही मान खाली घालू नका. नोकरी केलीत, स्वतःच्या पगारातून घर घेतलंत, फार कौतुक. पण मूलबाळ नसलेली विधवा मृत्युपत्राशिवाय गेली, तर तिची स्वकष्टाची मिळकत कायद्याने नवऱ्याच्या वारसांकडे जाते, माहेरी नाही. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे असंच प्रकरण आलं होतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत नवरा गेला, सासरच्यांनी घराबाहेर काढलं, माहेरच्यांनी शिकवलं, ती नोकरीला लागली. तिच्या पश्चात तिची सारी कमाई त्याच सासरच्या वारसांना मिळाली. न्यायालयाने सहानुभूतीने निकाल फिरवता येत नाही म्हटलं. मला तो कायदा अन्यायाचा वाटतो, पण तो बदलेपर्यंत तुमच्या हातात एक सही आहे, ती का करत नाही?

आणि हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेताना "नुसती औपचारिकता गं" म्हणणारे भाऊ इथे बसलेत. मला ठाऊक आहेत. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क जन्मानेच आहे, हे 2020 च्या निकालाने पक्कं झालंय. तिला सोडायचा तर ती सोडेल, पण काय सोडते आहे ते तिला आधी सांगा. सातबाऱ्यावर फेरफार झाला म्हणून मालकी ठरत नाही, हेही लिहून घ्या.

मृत्युपत्राला स्टॅम्प लागत नाही. साधा कागद चालतो. नोंदणी सक्तीची नाही, केलीत तर बरं, पण नोंदणी झाली म्हणून खरेपणाची शंका मिटत नाही. तुम्ही मार खाणार ते साक्षीदारांवर. दोन हवेत. दोघांनी तुम्हाला सही करताना पाहिलेलं असावं किंवा ती तुमचीच आहे हे तुमच्याकडून ऐकलेलं असावं, आणि त्यांनी तुमच्यासमोर सही करावी. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्रातलंच एक मृत्युपत्र यावर पडलं. साक्षीला आलेल्या माणसाला विचारलं, दुसरा साक्षीदार त्या वेळी घरात होता का? तो म्हणाला, मला माहीत नाही. संपलं. एका वाक्यावर. म्हणून दोघांना एकाच वेळी बोलवा, वयाने तुमच्यापेक्षा लहान निवडा, आणि ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे यावरचा कोर्टाचा शिक्का. फ्लॅट मुळात तुमचा होता की नाही, हे प्रोबेटच्या कोर्टात ठरत नाही.

गोव्याच्या मंडळींनी माझी ही वही तशीच उतरवू नये. तिथे मुलांसारख्या हक्काच्या वारसांसाठी अर्धी मालमत्ता राखून ठेवावी लागते, हवी तशी देता येते ती उरलेली अर्धी. तिथल्या वकिलाला विचारा.

गृहपाठ देते. येत्या रविवारी काय काय आहे ते कागदावर उतरवा, आई हयात असेल तर तिच्याशी बोला, आणि महिन्याभरात वकील गाठून मृत्युपत्रावर सही करा. ते मला दाखवायला आणू नका. मृत्युपत्र कुठल्या कपाटात ठेवलंय, एवढं घरातल्या एका माणसाला सांगा.