नाही म्हणू न शकणारा कर्नल

मेमरी मागितली की ती मिळते किंवा नकार येतो, आणि नकार सांभाळणं ही मागणाऱ्याची जबाबदारी, असं प्रोग्रॅमिंग शिकताना मनावर ठसवलं जातं. लिनक्स कर्नलच्या पोटात मात्र वेगळाच रिवाज चालतो. थांबायची तयारी असलेली मागणी सलग 8 पानांपर्यंतची, म्हणजे 4 केबीच्या पानांच्या हिशेबाने 32 केबीपर्यंतची असेल, तर तिला सहसा नकार मिळतच नाही. कर्नल पानं मोकळी करतो, पुन्हा शोधतो, आणि काहीच हाती लागलं नाही तर ‘ओओएम किलर’ एखाद्या प्रोसेसचा बळी घेतो. हा अलिखित नियम डिसेंबर 2014मध्ये एक्सएफएस या फाइल सिस्टिमच्या निमित्ताने चर्चेत आला, तेव्हा मुरलेले विकासकही चकित झाले. माझ्या मते हा नियम म्हणजे उधारी आहे: नकार टळत नाही, तो दुसऱ्याच्या खात्यावर चढतो. फाइल सिस्टिमचा एक थ्रेड लॉक धरून मेमरी मागतो. किलर ज्या प्रोसेसची निवड करतो ती नेमकी त्याच लॉकसाठी ताटकळलेली असते. लॉक मिळेपर्यंत ती मरू शकत नाही, ती मेल्याशिवाय मेमरी सुटत नाही, आणि मेमरीशिवाय लॉक सुटत नाही. एका साध्या नकाराने जे काम फसलं असतं, त्यापायी सगळं यंत्र गोठतं.

यावरचा आक्षेप वजनदार आहे. नकार हाताळणारा कोड वर्षानुवर्षं चालतच नाही, त्यामुळे त्यातल्या चुका तशाच दडून राहतात. नकार द्यायला लागलात तर त्या सगळ्या एकदम उसळतील. खरं आहे, पण मग तो कोड मुद्दाम चालवून पाहायला हवा. ‘फेलस्लॅब’ हे चाचणीचं साधन हेच करतं, मागण्या जाणूनबुजून फेटाळतं. 2016पासून ‘ओओएम रीपर’ बळीच्या मरणाची वाट न पाहता त्याची बरीच मेमरी काढून घेतो, हेही मान्य. पण बळीने धरलेले लॉक त्याला सोडवता येत नाहीत. उरतात त्या जागा जिथून माघार घेताच येत नाही. मेमरी मोकळी करायची तर बदललेली पानं डिस्कवर लिहावी लागतात, आणि त्या लिहिण्यालाच थोडी मेमरी लागते! तिथे ब्लॉक लेयर ‘मेमपूल’ वापरतो: मोजक्या वस्तू सुरुवातीलाच राखून ठेवायच्या, एक लिहिणं संपलं की तीच वस्तू पुढच्याला द्यायची. किती लागेल हे आधी ठरवावं लागतं, म्हणून हा मार्ग कटकटीचा. फाइल सिस्टिमच्या एका ट्रान्झॅक्शनला किती मेमरी लागेल हे सांगणं तर त्याहून अवघड, आणि 2014च्या वादाचं घोडं बरंचसं तिथेच अडलं होतं.