श्वास कीं वाणी?

दुसऱ्याच्या वतीनें निर्णय घेण्याची वेळ आली म्हणजे नीतीचीं सोपीं वाटणारीं सूत्रेंही डळमळूं लागतात. दुभंगलेल्या टाळूचें मूल ज्या घरांत जन्मास येतें, तेथें ही वेळ पहिल्याच वर्षीं येते. शस्त्रक्रिया करावी, याविषयीं सहसा दुमत नसतें. ती केव्हां करावी, हाच खरा प्रश्न.

लवकर करावी, या पक्षाला बळकट आधार आहे. २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत ५५८ बालकांपैकीं कांहींची शस्त्रक्रिया सहाव्या व इतरांची बाराव्या महिन्यांत योजिली होती. पांचव्या वर्षीं तपासलेल्या मुलांत, बोलतांना हवा नाकावाटे निसटण्याचा दोष पहिल्या गटांत शेंकडा ८.९, तर दुसऱ्यांत शेंकडा १५ जणांना आढळला. परंतु हीं बालकें अन्य व्यंग नसलेलीं व शस्त्रक्रियेस योग्य अशीं निवडलेलीं होतीं.

सर्वच बालकें तशीं नसतात. फट बुजली कीं हवेची वाट अरुंद होते. त्यांत जीभ व घसा सुजला, तर तान्ह्या मुलाचा श्वास कोंडूं शकतो. फ्रेंच वैद्य पिएर रोबँ यांनीं १९२३ सालीं वर्णिलेल्या, लहान जबडा व मागें पडणारी जीभ असलेल्या बालकांना हें भय विशेष. म्हणून त्यांच्या बाबतींत शस्त्रवैद्य पुष्कळदां थांबतात.

मग थांबणेंच शहाणपणाचें काय? तसेंही नाहीं. वाणी सदोष राहिली, तर पुढें घशाच्या मागील भिंतीचा पडदा टाळूस जोडावा लागतो. आणि त्यानेंही कित्येक मुलांचा झोपेंतील श्वास अडखळतो. टाळलेलें संकट असें दुसऱ्या दारानें परत येऊं शकतें.

प्राण आधीं, वाणी नंतर, हें तत्त्व निर्विवाद आहे. पण येथें निवड प्राण व वाणी यांत नसून दोन धोक्यांत आहे, आणि ते भोगणारा जीव अजून बोलूंही शकत नाहीं. अशा वेळीं लोकलज्जेनें केलेली घाई आणि भीतीनें केलेली दिरंगाई, दोन्ही आमच्या मतें सारख्याच सदोष. कारण दोहोंत आईबाप स्वतःच्याच मनाची सोय पाहतात. वयाचा सरसकट नियम धर्म ठरूं शकत नाहीं. त्या एका मुलाचा जबडा, त्याची झोप, त्याचा श्वास पाहून ठरविलेला दिवस तोच योग्य. मूल मोठें होऊन “तेव्हांच कां?” असें विचारील, त्या वेळीं ज्याचें कारण त्याच्याच हिताच्या भाषेंत सांगतां येईल, तो निर्णय न्याय्य, असें आम्ही समजतों.