कच्चं लिंबू

बँकेत बावीस वर्षं काढली की माणसाला एक खोड जडते. हिशेब जुळल्याशिवाय त्याला जेवण गोड लागत नाही. मागे एकदा आमच्या शाखेत संध्याकाळी रोकड दहा रुपयांनी जास्त भरली. कमी नव्हे, जास्त! तरी आम्ही तिघे जण रात्री साडेआठपर्यंत त्या दहा रुपयांचं मूळ शोधत बसलो. त्यापायी चहाला साठ रुपये गेले, पण हिशेब जुळला. अशा या सचोटीच्या माणसाला त्याच्या आठ वर्षांच्या मुलीनं यंदाच्या मे महिन्यात अफरातफर करताना पकडलं, हे सांगताना मला संकोच वाटतो. पण कबुलीजबाब दिल्यानं शिक्षा कमी होते म्हणतात.

त्याचं असं झालं. मनूला सुट्टी लागली. पहिले चार दिवस ती मोबाइलमध्ये डोकं घालून बसली. पाचव्या दिवशी सौ.नं मोबाइल कपाटात ठेवून कुलूप लावलं. (मुलीच्या मोबाइलबरोबर बापाचाही जातो, हे कलम मला मागाहून कळलं.) सुट्टीतल्या शिबिरांची पत्रकं आली होती. त्यांतला फीचा आकडा मी दोनदा वाचला आणि 'मुलांनी घरीच खेळावं' या माझ्या जुन्या मताला बळकटी आली. मग माळ्यावरून खेळांचा डबा काढला. भांडवल पुढीलप्रमाणे: सापशिडीचा पट एक, घडीवर फाटलेला, फासा एक, चिंचोके सुमारे पन्नास, खडूचे तुकडे तीन, आणि पत्त्यांचा जोड एक. त्यातली किलवरची तिर्री हरवल्यामुळे तिच्या जागी कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा. ही तिर्री कुणाच्या हातात आहे ते सगळ्यांना पाठीमागूनच दिसतं, पण एवढ्या भांडवलात तेवढं चालायचंच.

घरगुती खेळांची दोन खाती असतात. पहिलं नशिबाचं. सापशिडी, भिकार-सावकार ही त्यातली मंडळी. भिकार-सावकारात पत्ते अर्धे अर्धे वाटायचे, न बघता वरचा एकेक टाकायचा आणि खालच्या पत्त्याशी जुळला की ढीग उचलायचा. डोकं चालवायला जागाच नाही. म्हणून इथे बाप आणि लेक अगदी बरोबरीचे. सापशिडीचा जुना अवतार म्हणजे मोक्षपट. तो ज्ञानदेवांनी रचला असं परंपरा सांगते. त्यात शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. पण सद्गुणाच्या घरात पोचायचं की दुर्गुणाच्या, हे तिथेही दानावरच!

दुसरं खातं अकलेचं. फुली-गोळा, बदाम सात, बुद्धिबळ. इथे चाळिशी ओलांडलेला बी.कॉम. आठ वर्षांच्या मुलीला हरवतो, यात पराक्रम काही नाही. पण तीनदा हरली की मनूचा खालचा ओठ पुढे यायचा आणि चौथ्यांदा डाव उधळला जायचा. तेव्हा घरातल्या शांततेसाठी मी दोन वर्षांपूर्वीच हरायला सुरुवात केली होती. फुली-गोळ्यात हरणं सोपं नसतं हो! दोघंही नीट खेळले तर डाव बरोबरीतच सुटतो. हरायला खास वेंधळेपणा करावा लागतो. तो मला जमला. सौ.च्या मते त्यासाठी मला वेगळे कष्ट पडले नसावेत.

बदाम सातमध्ये मात्र नियम असा, की लागणारा पत्ता हातात असेल तर लावलाच पाहिजे. नसेल तरच 'पास' म्हणायचं. मी पत्ता असूनही 'पास' म्हणायचो. त्या दिवशी मनू सुटली, तिनं टाळ्या वाजवल्या आणि माझ्या हातातल्या पत्त्यांचे गुण मोजायला घेतले. मोजता मोजता थांबली.

"बाबा, इस्पिकची सत्ती तर मघाशीच लागली होती. मग ही अठ्ठी तुझ्याकडे कशी? तू पास का म्हणालास?"

"लक्षात नाही आलं गं."

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "म्हणजे मागच्या रविवारी पण? आणि दिवाळीत आत्याकडे मी सगळ्यांना सांगितलं, मी बाबाला हरवते, तेव्हा?"

एका नोंदीत खोट निघाली की तपासनीस मागची सगळी पानं उलटतो. मी तिला दोन वर्षं आनंद देत होतो अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात मी तिला खोट्या नोटा देत होतो, आणि बिचारी त्या मोठ्या ऐटीत आत्याकडे चालवायला गेली होती.

त्या रात्री मला झोप लागेना. प्रेमापोटी केलेली लबाडी ही लबाडी धरायची का? बी.कॉम.ला हा विषय नव्हता. एका अर्धसत्यापायी धर्मराजाचा चार बोटं वर चालणारा रथ जमिनीला टेकला. माझी स्कूटर पहिल्यापासूनच जमिनीवरून चालते, त्यामुळे मला कळायला दोन वर्षं लागली. सौ.ला विचारलं, तर ती म्हणाली, "आणि भाजी रोज छान झाली म्हणता, ते कुठल्या खात्यात?" मी कूस बदलली.

सकाळी नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अरे, पकडापकडीत तू कच्चं लिंबू होतास. ते कुणी तुझ्यापासून लपवलं होतं का?"

खरंच की! चाळीतल्या पोरांनी हा प्रश्न कधीच सोडवला होता. लहान भिडूला खेळात घ्यायचं, त्याच्यावर राज्य येऊ द्यायचं नाही, पण हे सगळं चारचौघांत सांगून. बँकेतही हेच. सूट नोंदवून दिली तर सवलत, न नोंदवता दिली तर अफरातफर. मी नऊ वर्षांचा झाल्यावर एका संध्याकाळी पोरांनी जाहीर केलं, "आजपासून हा पक्का." त्याच डावात मी पकडला गेलो आणि अंधार पडेपर्यंत राज्य देत धावलो. गुडघे फुटले, पण इतका आनंद मला पुढे बँकेत कायम झाल्यावरही झाला नाही.

मनूशी रीतसर करार केला. बदाम सातमध्ये मी माझे तीन पत्ते उघडे ठेवायचे. ती त्यानंतरही पाचांतले चार डाव हरली. ओठ पुढे आला, पण पत्ते उधळले गेले नाहीत. मग आम्ही जोड्यांचा खेळ काढला. सगळे पत्ते पालथे पसरायचे आणि कुठे काय पाहिलं ते लक्षात ठेवून जोड्या उचलायच्या. मी जिवाचं रान केलं आणि सतरा-नऊ असा हरलो.

"खरंच?" तिनं विचारलं.

"खरंच." तिनं माझा चेहरा दोन्ही बाजूंनी तपासला आणि मग आत्याला फोन लावला.

परवा संध्याकाळी मी बँकेतून आलो, तर मनू आणि नाना बदाम सात खेळत होते. नानांना हल्ली लवकर दिसत नाही आणि आठवतही नाही. मी मनूच्या मागे उभा राहिलो. इस्पिकची सत्ती लागली होती. मनूच्या हातात अठ्ठी होती.

"पास," मनू म्हणाली.

नाना सुटले. अगदी लहान मुलासारखे हसले, आणि तिचे उरलेले पत्ते मोजायच्या आधी त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला.

मनूनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. बोलण्यासारखं माझ्याकडे बरंच होतं.

"पास," मी म्हणालो.