तिरपी काडी

झेडपीच्या शाळेतल्या अडगळीच्या खोलीत बाईंनी मुलांसाठी खटपटखोली काढली. सामान काय, तर काडेपेट्या, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, बाभळीचे काटे आणि दोरा. टेल्कोच्या ट्रक कारखान्यातून वर्षभराची रजा काढून अरविंद गुप्ता १९७८ साली होशंगाबादच्या शाळांमध्ये गेले, तेव्हा काड्या आणि ट्यूब जोडण्याचा हा खेळ त्यांना आठवडी बाजारातल्या किडुकमिडुक सामानातून सुचला. दोन काड्या जोडायला ट्यूबचा बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरतो. तिसरी काडी हवी असेल तर तुकड्याला मधोमध काट्याने भोक पाडायचं.

शनिवारी केंद्रप्रमुख येणार होते. चौथीतल्या बंड्याने गुल खरवडून बारा काड्या घेतल्या, आठ सांध्यांचं चौकोनी घर उभं केलं आणि हात काढला. घर एका अंगाला कललं. सरळ केलं, पुन्हा कललं. शेजारी कुसुमचा तीन काड्यांचा त्रिकोण मात्र कसाही दाबा, ढिम्म.

"बाई, फेविकॉल लावू?"

बाटली कपाटात होती. उत्तरही बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण त्या म्हणाल्या, "संपला रे." शिक्षकांनी खोटं बोलू नये म्हणतात, या खोट्याला मी तरी माफी देईन. सांधा चिकटवला की घर उभं राहतं आणि ते का पडत होतं, हा प्रश्नच मरतो.

कुसुम सुताराची लेक. बराच वेळ घराकडे बघून ती म्हणाली, "आबा गोठ्याच्या दाराला मागनं तिरपी पट्टी मारतात. नाहीतर दार लोंबतं."

बंड्याने तिरपी काडी लावायला घेतली, तर ती पोचेचना! चौरसाची तिरपी रेघ बाजूच्या सुमारे १.४ पट असते, हे सूत्र त्याला पुढे कधीतरी वहीत भेटेल. त्या दिवशी काडी तोकडी पडली एवढं खरं. त्याने खराट्याची हीर मोडून मापाची केली, कोपऱ्यांना दोऱ्याने आवळली. एक बाजू घट्ट झाली, बाकीच्या डुलतच होत्या. सहाही बाजूंना हिरी लागल्या तेव्हा कुठे घर थांबलं.

केंद्रप्रमुखांना ते वेडंवाकडं घर काही पसंत पडलं नाही. "शेजारच्या शाळेत थर्माकोलचं विमानतळ केलंय, लाइटसकट," असं म्हणून ते शेरा लिहायला बसले. टेबल डुगडुगलं, सही घसरली. बाईंनी घाईने पायाखाली कागदाची घडी सारली. तरी ते डुगडुगलंच.

बंड्या टेबलाखाली शिरला. बाईंनी त्याला हाक मारली नाही.

"साहेब, पाय बरोबर आहेत, पण मागनं तिरपी पट्टीच नाही," आतून आवाज आला. "कुसुम, आबांची हातोडी आण गं! आणि साहेब, तुमच्या फायली जरा उचलता का? टेबल उलटं करायचंय."